धुतलेला विहार

त्या रविवारी कोहक्याच्या विहारात झाडायची पाळी करिष्माची होती, आणि पुढचं सगळं त्या पाळीपासून सुरू झालं असं तिला आजही वाटतं. सिंधुताई म्हणतात, पाळीचा काही संबंध नाही. सिंधुताई तिच्या सासूबाई आणि महिला मंडळाच्या अध्यक्षही, त्यामुळे घरात काय नि विहारात काय, शेवटचा शब्द त्यांचा.

कोहक्याची रीत अशी की रविवारी नऊच्या वंदनेआधी एका बाईनं विहार झाडायचा, फरशी पुसायची, मूर्तीपुढची सुकलेली फुलं काढायची. घाण जागेत त्रिशरण घ्यायचं नाही. भंडारा-गोंदियाकडून दुर्गजवळच्या पोलाद कारखान्यात कामाला आलेल्या पहिल्या पिढीचा हा नियम. तेव्हा विहार म्हणजे टिनाचं छप्पर होतं आणि आठवडाभरात त्यावर भट्ट्यांची लाल धूळ बोटभर साचायची. धूळ कमी झाली, नियम राहिला. झाडून झालं की खिळ्याला टांगलेल्या वहीत तारीख घालून सही करायची. करिष्मा बी.एस्सी. झालेली, लग्नाआधी दोन वर्षं शाळेत शिकवलेलं, पण त्या वहीत सही करताना तिची अक्षरं का कोण जाणे बारीक यायची.

साडेसहाला तिनं कुलपाची किल्ली घेतली आणि तेवढ्यात सिंधुताईंच्या फोनवर बोहारटोल्याची खबर आली.

बोहारटोला म्हणजे खाणीच्या रस्त्यावरची पंधरा-वीस घरांची वस्ती. त्यातली सात घरं आपली. चुनखडी फोडायला आलेली माणसं तिथंच राहिली, त्यांनी एका खोलीचा विहार बांधला. त्यातली बुद्धमूर्ती कोहक्यानं दिलेली, म्हणून मंडळातल्या बाया त्या विहाराला 'लहान बहीण' म्हणायच्या. बुद्धपौर्णिमेला इकडून खीर जायची, तिकडून बोहाराच्या झाडाची भाजी यायची.

खबर अशी होती की शनिवारी दिवेलागणीला सात-आठ मोटारसायकली आल्या. आलेल्यांनी दगड मारले, खिडक्या फोडल्या, आत शिरून मूर्ती पाडली. रोज दिवा लावणारे म्हातारे देवराव खिडकी लावून घेत होते, त्यांना इतकं मारलं की डोकं फुटलं, हात मोडला. ते दुर्गच्या दवाखान्यात होते. कुणी केलं, कशासाठी केलं, याची घरटी एक वेगळी कहाणी होती. कुणी म्हणे निळ्या झेंड्यावरून, कुणी म्हणे विहाराच्या बाजूच्या जागेवरून. कुणी तर म्हणे आदल्या आठवड्यात गाडीला गाडी घासली त्यावरून. करिष्मा सगळ्या कहाण्या ऐकत गेली आणि तिच्या डोक्यात एकही नीट बसली नाही.

सिंधुताईंनी ठरवायला दोन मिनिटंही घेतली नाहीत. आजची वंदना तिकडं. पांढरी साडी, मेणबत्त्या, मोगऱ्याची फुलं. टेम्पो साडेआठला.

करिष्माचा नवरा राजदीप फर्स्ट शिफ्टला गेलेला. अडीच वर्षांची खुशबू कुणाजवळ ठेवायची? शेजारीण गावी. ते लोक परत आले तर, हे करिष्माच्या ओठांवर आलं होतं, पण पांढऱ्या साड्या नेसून निघालेल्या तेरा बायांसमोर ते बोलवेना. तिनं पिशवी भरली. बाटली, बिस्किटं, तापाचं औषध, जादा फ्रॉक, आणखी एक जादा फ्रॉक. सिंधुताई पिशवीकडे पाहून म्हणाल्या, "एका दिवसाले चाललो का महिन्याच्या मुक्कामाले?"

टेम्पोत एका बाईनं मोबाईल काढला, तिकडे गेल्यावर फोटो काढून ग्रुपवर टाकू म्हणाली. सिंधुताईंनी तिला तिथंच अडवलं. कुणाच्या घरी दुःख झालं तर आपण मोबाईल काढत नाही, सांत्वनाला चाललोय, तमाशा पाहायला नाही. सगळ्यांना पटलं. करिष्मालाही पटलं. तिनं आपला फोन पिशवीच्या तळाशी टाकला.

वस्तीत पुरुष कुणी नव्हता. सगळे दवाखान्यात, नाहीतर ठाण्यात. विहाराच्या पायरीवर देवरावांची सून चंपा बसली होती. करिष्माच्याच वयाची असेल. हातात उघडं कुलूप. ती उठली, जयभीम म्हणाली आणि बाजूला सरकली.

आत पाय ठेवायला जागा नव्हती. फरशीभर काचा, त्यांत खाणीचे पांढरे टोकदार दगड. भिंतीवरचा मुलांचा अआइईचा तक्ता अर्धा फाटून लोंबत होता. मूर्ती कुशीवर पडलेली, तोंड भिंतीकडे, उजवा हात मनगटाशी तुटून वेगळा पडलेला. खिडकीखाली ताटाएवढा काळपट डाग होता आणि तिथून दारापर्यंत ओढत नेल्यासारखा पट्टा.

चौदा बाया होत्या आणि एकीलाही काय बोलावं सुचेना. तसं आपल्या लोकांत अशा वेळी तोंडाच्या आधी हात चालतो. कुणी गेलं की एक बाई पाणी भरते, एक चूल पेटवते, एक झाडू घेते. बोलणं मागून येतं. सिंधुताईंनी पदर कमरेला खोचला आणि चंपाला झाडू कुठं आहे म्हणून विचारलं. चंपानं एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा या सगळ्या पांढऱ्या साड्यांकडे. मग घरात गेली आणि झाडू घेऊन आली. सिंधुताईंनी तो करिष्मापुढे धरला.

"आज तुझीच पाळी हाय ना. घे."

करिष्माला तेव्हाच काहीतरी टोचलं. शाळेत विज्ञान शिकवणारी बाई ती. एखाद्या जागी काय घडलं हे जागाच सांगते, हे तिनं पोरांना शिकवलेलं.

"आई, ते पोलीस..."

"पोलीस येतीन तवा येतीन. तोवर भगवंत असे पडून राहातीन का?"

तिनं झाडू घेतला.

मग एकदा सुरू झाल्यावर काम भराभर झालं. बायांनी दगड घमेल्यात भरून मागच्या खदानीच्या पाण्यात टाकले, काचा पोत्यात बांधल्या. चौघींनी मिळून मूर्ती उचलून जागेवर बसवली आणि तुटलेला हात पांढऱ्या रुमालात गुंडाळून तिच्या पायाशी ठेवला. हातपंपाचं पाणी आलं. डाग पहिल्या पाण्यात नुसता पसरला, दुसऱ्या पाण्याला गुलाबी झाला, तिसऱ्याला गेला. करिष्माचा एक डोळा झाडूवर आणि एक खुशबूवर. काच, बेटा, काच, असं ती दर मिनिटाला म्हणत होती आणि खुशबू हातात बिस्कीट घेऊन नेमकी तिथंच जात होती.

अकराला वंदना सुरू झाली. ओल्या फरशीवर चटया, चौदा मेणबत्त्या. पाचव्या शीलापर्यंत चंपा ताठ बसली होती. मग ती करिष्माच्या खांद्यावर कलली आणि इतकी रडली की करिष्माचा ब्लाऊज भिजला. सिंधुताईंनी तिच्या मनगटाला परित्राणाचा धागा बांधला आणि गाठ मारताना तिचा हात बराच वेळ सोडला नाही. ते सांत्वन खोटं नव्हतं. पुढं कितीही विचार केला तरी करिष्माला ते खोटं म्हणता आलं नाही.

बाराच्या सुमारास पोलिसांची जीप आली.

साहेब चाळिशीतला, थकलेला दिसत होता. दारात त्यानं बूट काढले. आत आला, चमकणारी फरशी, मोगरा, मेणबत्त्या पाहिल्या. खिडकीच्या चौकटीत काचेचा एकही तुकडा नव्हता, कारण ते तुकडे करिष्मानंच बोटांनी काढले होते.

"किसने साफ किया ये सब?"

सिंधुताईंनी पदर सारखा केला. करिष्मानं खुशबूला उचलून घेतलं, जणू उत्तर द्यायला तिचं तोंड मोकळं नाही.

"पंचनामा किसका बनाऊँ मैं? फूलों का?" तो रागावून नाही, कंटाळून बोलला. त्यानं दगड कुठं आहेत विचारलं, तर खदानीत. फोटो आहेत का विचारलं, तर नाहीत. शिपायानं काहीतरी लिहिलं. जाताना साहेबानं बूट घातले आणि मूर्तीकडे वळून हात जोडले, त्यामुळे तर करिष्माला आणखीच काही कळेनासं झालं.

परतीच्या टेम्पोत एक बाई म्हणाली, आपण तरी चांगल्यासाठीच केलं. दुसरी म्हणाली, हो ना. सिंधुताई बाहेर पाहत होत्या.

संध्याकाळी खुशबूला आंघोळ घालताना तिच्या फ्रॉकच्या खिशातून मऊ पडलेलं बिस्कीट निघालं आणि त्याच्यासोबत एक किल्ली. मोटारसायकलची. काळं प्लास्टिकचं डोकं, छल्ला तुटलेला. त्या डोक्यावर गुलाबी नेलपॉलिशचा ठिपका.

करिष्मा पाटावर बसली ती बसलीच. असा ठिपका तिनंही राजदीपच्या लॉकरच्या किल्लीला लावला होता, सारख्या दिसणाऱ्या किल्ल्यांत ओळखू यावी म्हणून. ही किल्लीही कुणा बाईनं अशीच ओळखीची करून ठेवलेली. बायको असेल, बहीण असेल. आणि ती किल्ली हरवलेल्या माणसानं घरी काय सांगितलं असेल?

"कुठं भेटली बेटा ही?"

"भगवान निजले तिथं," खुशबू म्हणाली.

करिष्मानं पुन्हा विचारलं. खुशबू म्हणाली, दुकानात. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाली, पप्पांनी दिली. मग ती पाण्यात हात आपटून हसायला लागली.

राजदीपनं किल्ली उलटीपालटी करून पाहिली. त्याच्या मते ती मंडळातल्या कुणा बाईची असणार. करिष्मा म्हणाली, बाया टेम्पोनं गेल्या होत्या. मग वस्तीतल्या कुणाची. असेल, ती म्हणाली. पण त्यांची नसली तर?

"तं नाल्यात टाक." तो हळू आवाजात बोलला, आई पलीकडच्या खोलीत होती. "ठेकेदाराच्या हाताखाली हावो मी. ठाण्यात बायकोचं नाव गेलं तं कारखान्याचा पास बनवाच्या वेळी शंभर सवाल करतीन. आन् त्या लोकायले आपलं घर मालूम पडलं तं? खुशबू दारातच खेळत राहाते, करिष्मा."

हे शेवटचं त्यानं सांगायची गरज नव्हती. तेच तर ती सकाळपासून मनात घोकत होती. तिनं किल्ली खुशबूच्या खाऊच्या जुन्या डब्यात टाकली आणि डबा वरच्या फळीवर ठेवला. मंडळाच्या ग्रुपवर 'एक किल्ली सापडली आहे, कुणाची आहे का' असं तिनं तीनदा लिहिलं आणि तीनदा खोडलं.

बुधवारी ती खुशबूच्या चपला घ्यायला सिविक सेंटरच्या बाजारात गेली. दुकानांसमोर मोटारसायकलींची रांग लागलेली. तिला प्रत्येक गाडी ओळखीची वाटायला लागली. एका गाडीला किल्लीच नव्हती, नुसती वायर जोडून ठेवलेली. ती तिथं इतका वेळ उभी राहिली की मालक येऊन विचारता झाला, "क्या हुआ दीदी?" काकडीची पिशवी घेतलेला साधा माणूस. चपलांच्या दुकानात मोजे दाखवणाऱ्या मुलीच्या नखांना गुलाबी रंग होता. करिष्मानं चपला घालून न पाहताच विकत घेतल्या. घरी आल्यावर त्या एक नंबर मोठ्या निघाल्या.

गुरुवारी देवरावांना घरी आणल्याचं कळलं. सिंधुताईंनी भेटायला जायचं ठरवलं, या वेळी दोघीच आणि खुशबू. निघताना करिष्मानं फळीवरचा डबा काढला, किल्ली रुमालात बांधली आणि कमरेला खोचली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. वस्तीतल्या कुणाची असली तर देऊन टाकू, एवढंच तिनं स्वतःला सांगितलं.

देवराव खाटेवर उशीला टेकून बसले होते. डोक्याला पट्टी, हाताला प्लास्टर, एक डोळा अजून सुजलेला. सिंधुताईंना पाहून ते उठायला गेले, त्यांनी बसवलं. आणि मग सांत्वन करायला आलेल्यांचंच सांत्वन म्हाताऱ्यानं सुरू केलं.

"दवाखान्यात मले एकच घोर होता," ते म्हणाले. "मी इथं पडलो, तिथं भगवंत पडून हायत. मंग गुलाबनं सांगितलं का कोहक्याच्या बायायनं सारं धुतलं, दिवा लावला. तवा कुठं झोप लागली मले. तुमचे उपकार हायत माय."

गुलाब म्हणजे त्यांचा मुलगा, चंपाचा नवरा. सिंधुताईंनी डोळ्यांना पदर लावला. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांचे खांदे सैल झालेले करिष्मानं पाहिले. तिला वाटलं, चला, आई बरोबरच होत्या. आता किल्लीचं विचारून मोकळं व्हावं.

चंपा हातपंपावर होती. करिष्मा खुशबूला घेऊन तिच्याकडे गेली आणि रुमाल सोडला. चंपानं किल्ली पाहिली, हात मात्र लावला नाही. वस्तीत तीनच गाड्या, तिन्हीच्या किल्ल्या जागेवर होत्या. मग ती खालच्या आवाजात सांगायला लागली. शनिवारी सगळे पळाले तेव्हा एक गाडी सुरूच होत नव्हती. दोघांनी ती ढकलत नेली होती. हे तिनं ठाण्यात सांगितलं, पण ठाण्यात म्हणाले, जागेवर तर काहीच मिळालं नाही. आता गावातले चार जण समेटाचं बोलून राहिले. म्हातारा ओट्यावरून पाय घसरून पडला, असं लिहून द्या म्हणतात.

करिष्माच्या तोंडून निघालं, "तुम्ही आम्हाला अडवलं का नाही?"

चंपानं बादली भरेपर्यंत हापसा मारला. मग म्हणाली,

"ठाण्यात जाताना आमचे हे सांगून गेल्ते, कायलेच हात नको लावू देऊ म्हनून. आन् तुमी आल्या. पांढऱ्या साड्या, फुलं. मले वाटलं शिकेल बाया हायत, कॉलनीतल्या हायत, यायले मालूम असंल. पाहुन्या बाईच्या हातचा झाडू कसा घ्याव मी?"

"मला वाटलं, तुम्ही झाडू आणून दिला म्हणजे..."

"तुमी मांगला म्हून देल्ला."

खुशबू ओल्या मातीत नवीन, मोठ्या चपला आपटत होती. करिष्मानं किल्ली चंपापुढे धरली. ठाण्यात तूच देऊन टाक, असं ती म्हणाली असती, पण चंपा आधीच मागे सरकली होती.

"मी देऊन काय फायदा? घरून आनली म्हनतीन. तुमी झाडलं, तुमाले भेटली. तुमचीच मानतीन." थोडं थांबून ती म्हणाली, "आन् नाई गेल्या तं नाई गेल्या. तुमचंबी लेकरू हाय. त्या दिवशी तुमच्या खांद्यावर रडली ना मी, ते मी विसरनार नाई."

हे ती मनापासून बोलली, म्हणून करिष्माला ते जास्त लागलं.

परत येताना शेअर ऑटोत मागच्या सीटवर दोघीच होत्या, मांडीवर खुशबू झोपलेली. मरोद्याला जाणारा एक प्रवासी पुढं बसला होता आणि ड्रायव्हरशी क्रिकेटचं बोलत होता. करिष्मानं सासूला सगळं सांगितलं. किल्ली, खुशबूचं 'भगवान निजले तिथं', राजदीपचं म्हणणं, चंपाचं म्हणणं. सांगताना क्रम चुकत गेला, मधलं आधी आलं. सिंधुताईंनी एकदाही अडवलं नाही, आणि हे त्यांच्या स्वभावात नव्हतं.

बरंच अंतर गेल्यावर त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तू पोलीस म्हनाली होती. मी ऐकलं होतं."

"पुरं कुठं बोलले मी."

"म्या बोलू देल्लं नाई." त्या बाहेर पाहत होत्या. "वीस साल झाले, मंडळात माझ्यासमोर कोनी पुरं बोललंच नाई. मले वाटे, मान देतेत."

मग विचारात पडल्यासारख्या स्वतःशीच बोलायला लागल्या. देवराव म्हणतात उपकार झाले. चंपा म्हणते नुकसान झालं. भगवंत चार तास जास्त पडून राहिले असते तर काय झालं असतं, आणि पडून राहू दिले असते तर आपल्याला झोप लागली असती का? त्यांनी करिष्माकडे पाहिलं, खरोखर विचारत असल्यासारखं. करिष्मानं मान हलवली. ती हो होती की नाही, हे तिचं तिलाच कळलं नाही.

तिच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. त्या दिवशी विहारात नेमकं काय होतं, हे जगात कुणाला ठाऊक असेल तर ते जिनं झाडलं तिला. कोणत्या खिडकीखाली किती काचा, दगड कुठून कुठं पडलेले, डाग केवढा, मूर्तीचं तोंड कोणत्या भिंतीकडे. साहेबाला काहीच दिसलं नाही. तिनं मात्र प्रत्येक वस्तू हातानं उचलली होती. खुणा पुसल्या तिनंच, आणि आता त्या उरल्या होत्या फक्त तिच्याजवळ. मांडीवर खुशबूचं डोकं घामानं ओलं झालेलं. दारात खेळणारी खुशबू, आणि चंपाच्या घरचा, दिवेलागणीला विहाराची खिडकी लावून घेणारा म्हातारा. ही दोन चित्रं तिला एकाच वेळी धरता येईनात, आणि एकही सोडवेना.

ठाण्याच्या वळणावर ऑटो हळू झाला. तिनं ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावला.

"भैया, यहीं रोक दो।"

सिंधुताईंनी कशाला म्हणून विचारलं नाही. पैसे दिले, आणि झोपलेल्या खुशबूसकट करिष्मा उतरत होती तर पिशवी त्यांनी घेतली. फाटकाशी मात्र त्या थांबल्या. "सांगजो का सासूनं झाडाले लावलं. माझं नाव पयले लिहाव."

"झाडू माझ्या हातात होता, आई."

"बोलत राहाय मंग, तोंडातल्या तोंडात नको बोलू," सिंधुताई म्हणाल्या, आणि त्यांच्या तोंडून ते रागावल्यासारखंच निघालं.

तेवढ्यात राजदीपचा फोन आला. करिष्मानं स्क्रीनकडे पाहिलं. उचलला तर ती परत फिरेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं तो वाजू दिला.

आत एक मुनशी, म्हणजे नोंदी लिहिणारा पोलीस, टेबलावर रजिस्टर उघडून बसला होता. बोहारटोल्याचं म्हटल्यावर त्यानं मागचं पान काढलं, वाचलं, चष्मा वर केला आणि तोच प्रश्न विचारला.

"अच्छा, वो। किसने साफ किया था वहाँ?"

"मैंने," करिष्मा म्हणाली. "क्या-क्या साफ किया, सब बता सकती हूँ।"

"हमने बोला इसको," बाजूनं सिंधुताई म्हणाल्या. "हमारा भी नाम लिखो।"

मुनशीनं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. मग लिहायला लागला. नाव. नवऱ्याचं नाव. कोहका, गल्ली, घर नंबर. घराचा नंबर करिष्माला दोनदा सांगावा लागला. तिनं रुमाल सोडून किल्ली टेबलावर ठेवली. नेमकी तेव्हा खुशबू जागी झाली, आपली वस्तू ओळखली आणि हात पुढे करून म्हणाली, "माजी."

"ये कहाँ पड़ी थी?" मुनशीनं विचारलं.

"मुझे नहीं मालूम."

"तो किसको मालूम है?"

करिष्माची नजर कुठं गेली ते मुनशीला दिसलं. त्यानं पेन खाली ठेवलं. तिघं मोठी माणसं खुशबूकडे पाहत राहिली. तो पुढं वाकला, आवाज शक्य तेवढा मऊ करून म्हणाला, "बताओ बेटा, कहाँ मिली?" खुशबूनं त्याच्या मिशांकडे पाहिलं आणि आईच्या मानेत तोंड खुपसलं.

जिला यातून दूर ठेवायचं म्हणून पाच दिवस झोप नाही, तिलाच आपण टेबलापर्यंत आणून उभं केलं, हे करिष्माला तेव्हा उमगलं. पाय वळायला निघाले होते. पण फाटकाबाहेरही तेच घर होतं, तोच नंबर, आणि तो आता लिहून झाला होता. तिनं खुशबूला सिंधुताईंच्या कडेवर दिलं आणि खुर्ची ओढून बसली.

"बच्ची का मत लिखिए," ती म्हणाली. "जो मैंने झाड़ा, वो लिखिए। खिड़की के नीचे से शुरू करती हूँ। और जो मुझे नहीं मालूम, वो भी लिखिए, कि नहीं मालूम।"

मुनशीला असं लिहायची सवय नव्हती. कपाळ खाजवत त्यानं नवीन पान घेतलं. मागे खुशबू किल्लीसाठी रडत होती, आणि सिंधुताई तिला गप्प करण्यासाठी, दुसरं काहीच न सुचून, हळू आवाजात त्रिशरण म्हणायला लागल्या होत्या.